रीअ‍ॅनालिसिसच्या आलेखात १९७९ ला उभी रेघ मारा की राव!

ढगांचा_हिशेब
दोन दिवस ईआरए५ चे आलेख बघत बसलोय आणि डोकं फिरलंय, म्हणून धागा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : जमिनीवरची केंद्रं, जहाजं, बलून, विमानं, उपग्रह या सगळ्यांचे जुने वेध एकाच आधुनिक हवामान मॉडेलमध्ये ओतायचे आणि त्या त्या वेळी पृथ्वीभोवतीची हवा कशी होती याचं चित्र नव्याने काढायचं, याला रीअ‍ॅनालिसिस म्हणतात. ईआरए५ हे युरोपियन हवामान केंद्राचं रीअ‍ॅनालिसिस, १९४० पासून पुढे, तासातासाचं, साधारण ३१ किमीच्या जाळीवर. काम अफाट आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण मॉडेल एकच ठेवलं म्हणजे सगळं एकसारखं झालं असं लोक धरून चालतात. आत जाणारा माल बघा ना. १९७९ मध्ये दिवसाला सरासरी साडेसात लाख वेध आत जात होते, २०१८ संपता संपता तोच आकडा सुमारे २ कोटी ४० लाख. १९७८ च्या ऑक्टोबरात टायरॉस-एन हा हवामान उपग्रह वर गेला आणि दक्षिणेकडचे समुद्र, जिथे आधी मॉडेल जवळजवळ अंदाजपंचे चाललं होतं, तिथे अचानक उजेड पडला. आता १९४० ते आज अशी एक सलग रेघ ओढून "हा बघा ट्रेंड" म्हणायचं? हवा बदलली की आपली नजर सुधारली हे त्या रेघेवरून कसं कळणार? माझं म्हणणं एवढंच की १९७९ ला ठळक उभी रेघ मारा आणि दोन्हीकडचे ट्रेंड वेगळे काढा.

आकडेमोडे
असहमत. १९७९ लाच का? सत्तरच्या दशकातही थोडे उपग्रह-वेध होतेच. नंतर उपग्रहांवर नवनवी यंत्रं आली, १९८७ ला मायक्रोवेव्हवाला एसएसएम/आय, १९९८ ला नोआ-१५ वर एएमएसयू, २००२ ला एअर्स, २००६ ला आयएएसआय. किती रेघा मारणार? आलेखाचा पिंजरा होईल.

आणि हे वेध कच्चे आत टाकत नाहीत हो. उपग्रह तापमान मोजतच नाही, तो वर येणारं रेडिएशन मोजतो, त्यातल्या ५० ते ६० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऑक्सिजन जे सोडतो त्यावरून हवेचं तापमान कळतं. प्रत्येक यंत्राचा स्वतःचा कल असतो आणि तो बायस करेक्शन करून सतत काढला जातो, शेजारच्या बलूनशी, मॉडेलशी आणि इतर यंत्रांशी ताडून. नवं यंत्र आलं की उडी बसू नये म्हणूनच तर हा खटाटोप.

ढगांचा_हिशेब
मॉडेलशी ताडून म्हणालात ना, तिथेच माझं दुखणं आहे. समजा मॉडेलच एखाद्या थरात अर्धा अंश थंड आहे. मग ते करेक्शन काय करणार, उपग्रह अर्धा अंश गरम दाखवतोय असं ठरवून त्यालाच कापणार. वड्याचं तेल वांग्यावर! आणि ही काही हवेतली शंका नाही, ईआरए५ मध्येच २००० ते २००६ या काळात स्ट्रॅटोस्फिअरच्या खालच्या भागात हवा गरजेपेक्षा थंड आली होती, तेवढी वर्षं पुन्हा चालवून ईआरए५.१ म्हणून वेगळी द्यावी लागली.

शंकेखोर
वाचून मजा आली. म्हणजे शेवटी मॉडेल सांगेल तेच खरं आणि उपग्रहाला दुरुस्त करायचं. आणि अशा आकड्यांवर जग तापतंय म्हणून बोंबा. उपग्रहवाले आधी म्हणत होते फारसं तापत नाही, मग "करेक्शन" केलं आणि तापायला लागलं. वा!

ढगांचा_हिशेब
भाऊ, माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नका. मी एका आलेखाच्या रेघेबद्दल बोलतोय, तापमानवाढ खोटी आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

आकडेमोडे
@शंकेखोर, ती "करेक्शन" कसली होती ते तरी सांगा की. अलाबामातल्या स्पेन्सर आणि ख्रिस्टी या शास्त्रज्ञांची उपग्रह-तापमानाची मालिका होती ती. १९९८ मध्ये वेंट्झ आणि शाबेल यांनी दाखवलं की उपग्रह हळूहळू खाली घसरतोय आणि त्यामुळे खालच्या थरात खोटी थंडी दिसतेय. मग २००५ मध्ये अजून एक चूक सापडली. या उपग्रहांची विषुववृत्त ओलांडायची वेळ वर्षागणिक सरकते, म्हणजे आज दुपारी दोनला मोजतो तो काही वर्षांनी चारला मोजतो, आणि त्याची जी दुरुस्ती केली होती तिचं चिन्हच उलटं लागलं होतं! दोन्ही चुका बाहेरच्यांनी शोधल्या आणि मूळ लोकांनी मान्य केल्या. याला लपवाछपवी म्हणत नाहीत.

आणि जमिनीवरचं तापमान उपग्रहाशिवायही मोजतात. २०२४ साठी ईआरए५ वरून १८५०-१९०० च्या तुलनेत १.६० अंश जास्त आलं, आणि जागतिक हवामान संघटनेने सहा मालिका एकत्र करून १.५५ काढलं, त्यात ०.१३ ची अनिश्चितता धरून. त्या सहांत केंद्रांवरच्या आणि जहाजांच्या थर्मामीटरांवर चालणाऱ्याही आहेत. सगळे मिळून कट करतायत का?

शंकेखोर
ठीक आहे, चिन्ह उलटं लागल्याचं माहीत नव्हतं. पण एवढी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही हे विसरू नका.

बलूनवाली
मी काही वर्षं बलून सोडायचं काम केलंय म्हणून दोन शब्द. तुम्ही सगळे "बलूनशी ताडून" असं म्हणताय जसं काही बलून म्हणजे देवघरातला दिवा. आमच्याकडे एका वर्षी सोंडचा, म्हणजे फुग्याला टांगलेल्या मोजणाऱ्या यंत्राचा, प्रकार बदलला, तो दिवस कुठेतरी वहीत लिहिला असेल नसेल. दिवसा उन्हाने सेन्सर तापतो, तीस किमीच्या आसपास जाताना तर फारच, कारण हवा इतकी विरळ की थंड करायला काही उरत नाही. त्यामुळे दुपारचा आणि रात्रीचा फुगा एकच हवा वेगळी सांगतो. हे सगळं करेक्शन करून घेतात, पण मग नांगर कुठला? कोणाला धरून कोण उभं आहे हे नीट सांगा.

आकडेमोडे
@बलूनवाली, याला उत्तर आहे आणि ते या धाग्यात आधी यायला हवं होतं, चूक माझी. नांगर म्हणजे जीपीएस ऑकल्टेशन. जीपीएसचा सिग्नल हवेतून जाताना वाकतो आणि त्याला किती उशीर झाला हे अणुघड्याळाच्या वेळेवर मोजतात. वेळ मोजणं हे असं काम आहे की यंत्र बदललं तरी सेकंद बदलत नाही. म्हणून हे वेध बायस करेक्शन न करता आत घेतात आणि बाकीचे त्यांना धरून सरळ होतात. २००० ला चॅम्प हा उपग्रह गेला, पण भरपूर वेध मिळायला लागले ते २००६ च्या कॉस्मिक या उपग्रह-ताफ्यापासून.

ढगांचा_हिशेब
म्हणजे तुम्हीच कबूल केलंत की २००६ च्या आधी पक्का नांगर नव्हता :)

आणि पाण्याचं तर विचारूच नका. १९९१ ला पिनाटुबोचा स्फोट झाला, वर गेलेल्या धुळीने इन्फ्रारेड वेध बिघडले आणि ईआरए-४० या जुन्या रीअ‍ॅनालिसिसमध्ये उष्ण कटिबंधातल्या समुद्रांवर नको तितका पाऊस पडायला लागला, कागदावर. नासाच्या मेरा या रीअ‍ॅनालिसिसमध्ये १९९८ ला एएमएसयू आलं तेव्हा पाऊस वजा बाष्पीभवनाच्या हिशेबात उडीच बसली. यातल्या कुठल्याही मालिकेवरून कुणी "पाऊस इतका वाढला" म्हणालं तर मी हात जोडतो.

आकडेमोडे
पावसाबद्दल सहमत. अगदी. समुद्रावरच्या पावसाचा ट्रेंड रीअ‍ॅनालिसिसवरून मीही काढणार नाही. पण तापमानाला पावसाच्या पंगतीत बसवू नका, तापमान थेट वेधांनी बांधलेलं असतं, पाऊस बराचसा मॉडेलच्या पोटातून येतो.

वाचकच_बरा
मध्येच एक प्रश्न. उपग्रह न घेता चालवलेलं काही आहे का? म्हणजे फरक कळेल.

बलूनवाली
आहे. ट्वेंटिएथ सेंचुरी रीअ‍ॅनालिसिस, त्यात हवेचा फक्त पृष्ठभागावरचा दाब आत घेतात, तिसरी आवृत्ती १८३६ पासून आहे. वरच्या हवेत धूसर, पण मध्येच सॅटेलाइट आल्याची उडी त्यात नाही. अर्थात दाब मोजणारी ठिकाणंही वाढत गेलीच, त्यामुळे ते सोवळं आहे असंही नाही.

ढगांचा_हिशेब
बरं, मी एक पाऊल मागे घेतो. एकच रेघ नको, आकडेमोडेंचं बरोबर आहे, उड्या अनेक आहेत. त्याऐवजी प्रत्येक आलेखाखाली एक बारीक पट्टी द्या, त्या वर्षी कुठली यंत्रं आत होती आणि दिवसाला किती वेध. बघणारा काय ते ठरवेल.

आकडेमोडे
पट्टी चालेल. फक्त त्यात वेधांचा आकडा नको, आकडा फसवतो. कॉस्मिकचे दिवसाला साधारण दोन हजार प्रोफाइल (हवेचे उभे छेद), बाकीच्या कोट्यवधींपुढे ते पट्टीवर दिसणारही नाहीत, आणि नांगर तर तेच.

बलूनवाली
आणि सोंड कधी बदलला तेही लिहा पट्टीत. वही सापडली तर.