डाउनलोड केलेलं लग्नाचं शूटिंग डीव्हीडीवर टाकायचंय, टीव्हीवर नीट दिसत नाही (मदत हवी आहे)

मंडळी, जरा मदत करा. चुलत बहिणीच्या लग्नाचं शूटिंग व्हिडिओवाल्याने लिंकवर पाठवलं, ते मी उतरवून घेतलं, चार एमपीफोर फायली, मिळून अडीच तासांचं आहे. हॉलमध्ये एलईडी आहे हो, पण आजी गुडघ्यांमुळे खोलीतून बाहेर येत नाही आणि तिच्या खोलीत तो जुना डबा टीव्ही नि त्याचा डीव्हीडी प्लेअर, ज्याला पेनड्राइव्ह लावायला जागाच नाही. मोबाईल दिला तर म्हणते एवढ्याशात नवरी कुठली नि करवली कुठली तेच कळत नाही.

आधी फायली तशाच बर्न केल्या, प्लेअर डिस्क घेईचना. मग एका फुकट कन्व्हर्टरने केलं तर लागली एकदाची, पण सगळे पडवळासारखे लांबुळके, आमचे ढेरपोटे काका चक्क सडपातळ (ते खूश आहेत). शिवाय खाली येणारी नावं कडेला कापली जातात आणि वरातीत कॅमेरा फिरला की चित्र धक्के खातं. तीन डिस्का वाया गेल्यात.

उत्तर: जुन्या प्लेअरला एमपीफोर कळत नाही, त्याला एमपेग-२ (डीव्हीडीचा व्हिडिओ प्रकार) च लागतं. आपल्याकडे टीव्हीची पद्धत पाल (PAL), म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम. तुझ्या कन्व्हर्टरमध्ये एनटीएससी (अमेरिकेकडची पद्धत) राहिलं असणार, ते २९.९७ फ्रेमचं, धक्के त्यानेच बसत असतील. डीव्हीडी स्टायलर (डीव्हीडी बनवायचं सॉफ्टवेअर) घे, पाल निवड, आणि हँडब्रेकच्या नादी लागू नको, ते उलटं काम करतं, डीव्हीडीचं एमपीफोर.

धागाकर्ता: बघितलं, एनटीएससीच होतं राव! मूळ फायली २५ च्या आहेत. पण लांबुळक्या चेहऱ्यांचं काय?

दुसरं उत्तर: त्यात डिस्कचा दोष नाही. व्हिडिओ १६:९ चा (रुंदी:उंची) नि टीव्ही ४:३ चा, आणि प्लेअरला वाटतंय समोर रुंद टीव्ही आहे. रिमोटवर सेटअपमध्ये जा, टीव्ही टाइप शोध, ४:३ लेटरबॉक्स कर. वरखाली काळ्या पट्ट्या येतील, येऊ देत. पॅनस्कॅन मात्र नको, त्यात कडेला उभी असलेली माणसं उडतात आणि मग वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. नावं कापली जातात कारण डबा टीव्ही कडा थोड्या झाकूनच दाखवतो, कन्व्हर्ट करताना चारी बाजूंनी थोडी काळी बॉर्डर सोड. आणि अडीच तास एका ४.७ जीबीच्या डिस्कवर कोंबू नको, सेकंदाला जेमतेम ४ मेगाबिट मिळतात, वरातीच्या नाचात चित्राचे चौकोन फुटतात, दोन डिस्का कर. ट्रायलला री-रायटेबल आण म्हणजे पुसून परत वापरता येईल, फक्त काही जुने प्लेअर ती घेत नाहीत.

धागाकर्ता: झालं!! री-रायटेबल चालली, धक्के गेले, काका परत मूळ मापात आले (आता ते नाराज). पण डिस्क घातली की मेनू येतो आणि आजी ओके न दाबता त्या फोटोकडेच बघत बसते, थेट सुरू नाही का होणार?

उत्तर: प्रोजेक्टमधला मेनूच काढून टाक, मग डिस्क घातली की व्हिडिओ आपोआप लागतो.