सँडब्लास्टिंग कॅबिनेटमधून धूळ येतच राहते, अजून काय सील करू? मदत हवी आहे

रंधेवाली

मंडळी, मदत हवी आहे. घरच्या वर्कशॉपमध्ये सँडब्लास्टिंग कॅबिनेट आहे (हवेच्या दाबाने दाणे मारून गंज-रंग काढायची बंद पेटी), पायांवर उभं राहणारं, आतून साधारण ९० बाय ६० बाय ६० सेंटीमीटर, खाली ग्रिट, म्हणजे मारायचे दाणे, गोळा व्हायला उतरता हॉपर. जुने बेंच व्हाइस, रंधे, कसलेकसले ब्रॅकेट यांचा गंज आणि रंग काढायला वापरते. काम मस्त होतं, त्याबद्दल तक्रार नाही, तक्रार धुळीची आहे. ब्लास्टिंग सुरू केलं की थोड्या वेळात आत सगळं धुकं, काचेतून वस्तूच दिसत नाही, अंदाजाने गन फिरवायची. आणि बाहेर ग्लोव्हजच्या रिंगांतून, दाराच्या कोपऱ्यांतून, हॉपरच्या जोडांतून बारीक पावडर येत राहते ती वेगळीच, लेथ ड्रिल शेल्फ सगळ्यावर करडा थर.

आत्तापर्यंत दाराला फोम टेप लावली, जोडांना सिलिकॉन भरलं, रिंगांना रबरी पट्टी लावली. एक जागा बंद केली की दुसरीकडून येते. मागच्या एक्झॉस्टला वर्कशॉपचा साधा व्हॅक्यूम क्लीनर जोडलाय, तो आधी बरा ओढतो, मग फिल्टर भरला की नुसता आवाज. त्याच्या मागून जी हवा येते त्यात टॉर्च मारला तर धूळ तरंगताना दिसते. तर अजून काय सील करू, की सरळ मोठा व्हॅक्यूम घेऊ? आणि कापडी मास्क लावते तो पुरतो ना?

गंजका पाना

मास्कचं आधी, कापडी अजिबात पुरत नाही, त्यावर नंतर बोलू. आधी हे सांगा, ग्रिट कोणतं, गन किती हवा खाते, आणि कॅबिनेटमध्ये हवा आत यायची जागा कुठे आहे? एक्झॉस्ट सांगितलात, इनलेट नाही सांगितला.

रंधेवाली

ग्रिट ॲल्युमिनियम ऑक्साइड, ८० नंबर. गनवर ९० पीएसआय दाबाला १२ सीएफएम, म्हणजे मिनिटाला १२ घनफूट हवा, असं लिहिलंय. एकाने चाळलेली नदीची वाळू पोतंभर दिलीये, ती अजून वापरली नाही, ॲल्युमिनियम ऑक्साइड संपलं की वापरीन म्हणतेय. इनलेट म्हणजे बाजूला एक गोल भोक होतं वरच्या बाजूला, त्यातून धूळ उडायची म्हणून पत्रा लावून बंद केलंय.

सव्वा सूत

तो पत्रा आधी काढा ताई, बाकी सगळं त्यानंतर.

बघा, तुमची गन मिनिटाला १२ घनफूट हवा आत सोडते. कॅबिनेटचा आतला आकार तुम्ही दिलेल्या मापाने साधारण ११ घनफूट. म्हणजे दर मिनिटाला अख्खं कॅबिनेट भरेल एवढी नवी हवा आत येते आणि तेवढीच कुठूनतरी बाहेर जाणार, तिला जायचंच आहे. व्हॅक्यूमचा फिल्टर तुंबला की मागचा रस्ता बंद, मग ती तुमच्या फोम टेपमधून जाणार. तुम्ही आणखी सिलिकॉन भरलंत तर दुसरी फट शोधणार, आणि एवढ्या दाबापुढे पत्र्याच्या डब्याचं कुठलंही सीलिंग टिकत नाही. म्हणून प्रश्न फटींचा नाहीये, आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त होतोय त्याचा आहे. तो उलटा करायचा. गन जेवढी हवा आत टाकते त्याच्या बऱ्याच पट व्हॅक्यूमने ओढायची, मग फटींमधून धूळ बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत जाते, थोड्या फटी राहिल्या तरी चालतात.

आता व्हॅक्यूमला ओढायला हवा पाहिजे ना, ती त्या गोल भोकातून येणार. इनलेट बंद ठेवून नुसतं जोरात ओढलं तर दाब उणा होईल खरा पण आतली हवा हलणार नाही, धुकं तसंच. हवा एका बाजूने वरून आत, वस्तूवरून जाऊन समोरच्या बाजूने बाहेर, असा प्रवाह पाहिजे. व्हॅक्यूमने समजा प्रत्यक्षात ८० सीएफएम ओढले तर आतली हवा मिनिटाला सातेक वेळा बदलते, काच आपोआप साफ राहते. फक्त भोकातून ग्रिट उडू नये म्हणून आतून बोटभर अंतर सोडून एक आडवी पट्टी लावायची, म्हणजे हवा वळून येईल पण दाणे पट्टीवर आपटून खाली पडतील. बफल म्हणतात त्याला. तुमच्या कॅबिनेटला बहुधा ती आलीच नसेल, स्वस्त कॅबिनेटना नसतेच बरेचदा.

दाब बरोबर आहे का ते बघायला मीटर नको, रिकामे ग्लोव्हज बघा. व्हॅक्यूम चालू केल्यावर ते आतल्या बाजूला फुगून उभे राहिले तर दाब उणा आहे. लोळागोळा पडले किंवा तुमच्याकडे बाहेर यायला लागले तर गडबड. फार कडक फुगले, हात हलवायला जड झाले तर इनलेट मोठं करा.

गंजका पाना

+१, आणि अगरबत्तीचा धूर दाराच्या फटीजवळ धरा, पण गन चालू असताना. गन बंद असताना सगळेच पास होतात.

निवृत्त फिटर

ती वाळू वापरू नका. पोतं परत करा नाहीतर बांधकामाला द्या.

मी फाउंड्रीशी संबंधित कामं बरीच बघितली आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. नदीची वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, स्फटिकरूप सिलिका. एवढ्या वेगाने लोखंडावर आपटली की दाणा फुटतो आणि त्याचे इतके बारीक तुकडे होतात की ते नाका-घशात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. तिथे जखमा होऊन घट्ट व्रण तयार होतात, तो सिलिकोसिस, आणि एकदा झाला की मागे फिरत नाही, औषधाने फुफ्फुस पूर्ववत होत नाही. ब्रिटनने ब्लास्टिंगला वाळू वापरण्यावर १९४९ च्या नियमांनीच बंदी घातली. अमेरिकेत नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९७४ मध्ये वाळू वापरू नका अशी शिफारस केली. तुर्कस्तानात जीन्सना जुनाट रूप द्यायला वाळूचा मारा करायचे, तिथले तरुण कामगार सिलिकोसिसने गेले तेव्हा २००९ मध्ये तिथे कपड्यांवर ते करायला बंदी आली. कापडावर मारताना एवढं झालं, लोखंडाचं काय सांगायचं.

चाळून फायदा नाही. चाळणीने मारा करण्याआधीची बारीक पूड जाते, मारा केल्यावर तयार होणारी कशी जाणार. तुमचं ॲल्युमिनियम ऑक्साइड चांगलं आहे, त्यात मुक्त सिलिका फार कमी असते. गार्नेट पण चालतं, काचेचे मणी चालतात, काच स्फटिकरूप नसते त्यामुळे तो धोका नाही. पण धूळ ती धूळच, कमी घातक म्हणजे खायची वस्तू नव्हे.

रंधेवाली

बापरे, वाळू नक्की नाही मग. पण एक शंका, बाहेर जो करडा थर बसतो तो तर मी पुसते रोज, मग हवेत एवढं काय राहत असेल?

निवृत्त फिटर

जे खाली बसलं ते जड होतं ताई, त्याची भीती कमी. वाळूचा ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर हवेत सेकंदाला साधारण २ मिलिमीटर खाली येतो, म्हणजे दीड मीटर यायला बारा-तेरा मिनिटं. १ मायक्रॉनच्या कणाला तेवढ्यासाठी चार-पाच तास लागतात, आणि वर्कशॉपमध्ये हवा स्थिर असतेच कुठे, तुम्ही इकडून तिकडे गेलात की तो परत वर. डोळ्याला दिसत नाही. तुम्ही काम संपवून मास्क काढून चहा पिताना नेमका तोच आत जातो. आणि पुसताना ओलं फडकं, कोरडा झाडू किंवा कॉम्प्रेसरची हवा मारून साफ करणं बंद. कपड्यांवर पण हवा मारायची नाही.

स्वयंघोषित

एवढा खर्च कशाला करता, एक्झॉस्टचा पाइप पाण्याच्या बादलीत सोडा, धूळ पाण्यात बसते, झालं. मी तसंच करतो.

सव्वा सूत

जाड धूळ बसते, बारीक नाही. बारीक कण बुडबुड्याच्या आत बसून वर येतो, बुडबुडा फुटला की हवेत मोकळा, पाण्याला त्याचा स्पर्शच होत नाही. आणि पाइप जितका खोल पाण्यात तितका व्हॅक्यूमला अडथळा, म्हणजे जे ओढणं पाहिजे तेच कमी. चिखल उपसावा लागतो तो वेगळाच.

व्हॅक्यूमचं म्हणाल तर मोठा घेण्याआधी कॅबिनेट आणि व्हॅक्यूमच्या मध्ये सायक्लोन लावा. हवा गोल फिरते, दाणे आणि बरीचशी धूळ कडेला जाऊन खालच्या डब्यात पडते, फिल्टरपर्यंत थोडीच पोचते. फिल्टर तुंबायचा थांबला की तुमचा आहे तोच व्हॅक्यूम कदाचित पुरेल. दोन गोष्टी सांभाळा. डबा जाड घ्या, पातळ प्लॅस्टिकची बादली इनलेट चुकून बंद झालं की आत चेपते. आणि डब्याचं झाकण पूर्ण हवाबंद पाहिजे, कारण खालून जरा जरी हवा आत शिरली तर बसलेली धूळ परत उचलून फिल्टरकडे जाते, सायक्लोन असून नसल्यासारखा. लोक सायक्लोनला नावं ठेवतात त्यात निम्म्या वेळा झाकण गळत असतं.

पण सायक्लोनने सगळ्यात बारीक धूळ थांबत नाही, तीच तर धोक्याची. म्हणून व्हॅक्यूममध्ये हेपा फिल्टर, खरा, ०.३ मायक्रॉनला ९९.९७ टक्के वाला. तुम्हाला मागून तरंगताना जे दिसतं ते साध्या फिल्टरमधून निसटलेलं आहे. शक्य असेल तर हेपा असूनसुद्धा एक्झॉस्ट पाइपने बाहेर मोकळ्यावर काढा, कुणाच्या खिडकीत नको एवढं बघा.

गंजका पाना

मास्कचं राहिलं होतं. हाफ फेस रेस्पिरेटर, म्हणजे नाक-तोंड झाकणारा रबरी मास्क, त्यावर पी१०० फिल्टर. एन९५ नसण्यापेक्षा कितीतरी बरा पण तो ९५ टक्के, पी१०० म्हणजे ९९.९७, आणि रबरी असल्यामुळे चेहऱ्याला नीट बसतो. फिल्टर हाताने झाकून श्वास आत घ्या, मास्क चेहऱ्याला चिकटला पाहिजे, हवा कुठून आली तर पट्टे नीट करा. दाढीवाल्यांना हा सल्ला लागू नाही, दाढीवर सीलच होत नाही, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. कॅबिनेट उघडताना आणि सायक्लोनचा डबा रिकामा करताना तर हवाच, ब्लास्टिंगपेक्षा त्या दोन वेळी जास्त धूळ अंगावर येते. गन सोडली की लगेच दार उघडायचं नाही, व्हॅक्यूम मिनिट-दोन मिनिटं चालू द्यायचा.

आणि पीएसआय कमी करा. ९० वर कशाला मारताय, ग्रिट लवकर फुटतं आणि फुटलेलं ग्रिट म्हणजेच धूळ. ६०-७० वर गंज आरामात निघतो, काचेच्या मण्यांना तर अजून कमी.

रंधेवाली

सगळ्यांचे आभार. पत्रा काढला, आतून बफल लावला, सायक्लोन बसवला, दाब ६५ वर आणला. काच स्वच्छ राहते, विश्वास बसत नाही! ग्लोव्हज आतल्या बाजूला फुगतात, अगरबत्तीचा धूर दाराच्या फटीतून आत ओढला जातो. रेस्पिरेटर आणि हेपा फिल्टर मागवलाय, तोवर ब्लास्टिंग बंद.

आता दोन नव्या भानगडी. सायक्लोनच्या डब्यात चांगलं ग्रिट पण भरपूर येतंय, हातात घेऊन बघितलं तर धारदार दाणे, धूळ नाही. आणि पाइपला हात लागला की शॉक बसतो, चांगला झटका.

सव्वा सूत

ग्रिट येतंय म्हणजे एक्झॉस्टच्या तोंडाशी पण बफल हवा, इनलेटसारखाच. एक्झॉस्ट जितका वर तितकं बरं, वस्तूवरून उसळलेले दाणे थेट तोंडात जाऊ नयेत. तरी आलं तर ओढ थोडी जास्त आहे. मोटर चोक न करता व्हॅक्यूमच्या पाइपला एक टी लावून झडप बसवा आणि तिथून थोडी बाहेरची हवा घ्या, हवी तेवढी ओढ कमी करता येते. ग्लोव्हज फुगलेले राहतील इथपर्यंतच कमी करायची. डब्यात आलेलं चांगलं ग्रिट बारीक चाळणीतून काढून परत वापरा, चाळताना मास्क.

शॉक म्हणजे स्टॅटिक. कोरडे कण प्लॅस्टिकच्या पाइपमधून घासत जातात त्याने तयार होतो. आतून तार असलेला अँटिस्टॅटिक पाइप घ्या आणि ती तार कॅबिनेटच्या पत्र्याला, कॅबिनेट अर्थला जोडा. नुसती बाहेरून तार गुंडाळून थोडा फरक पडतो, पूर्ण नाही.

निवृत्त फिटर

स्टॅटिकवरून आठवलं, ॲल्युमिनियमचे भाग पण ब्लास्ट करता का? ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेटते, आणि लोखंडाच्या गंजाच्या धुळीत मिसळली तर आणखी वाईट. ॲल्युमिनियमचं काम करायचं असेल तर आधी डबा आणि फिल्टर रिकामे करा, धूळ साठू देऊ नका आणि वर सांगितलेलं अर्थिंग केल्याशिवाय करू नका.

दुसरं, जुन्या व्हाइसवरचा रंग. जुन्या हत्यारांच्या रंगात शिसं असायचं बरेचदा. तो ब्लास्ट केला की शिशाची धूळ, मग तुमचं सगळं ग्रिटच खराब, पुढच्या प्रत्येक कामात तीच उडत राहणार. किट मिळतं शिसं तपासायचं, ते वापरा आणि शिसं निघालं तर रंग आधी पेंट रिमूव्हरने ओलाच काढा, ब्लास्टिंग फक्त गंजासाठी.

रंधेवाली

ॲल्युमिनियम नाही करत. व्हाइसवर दोन थर आहेत, वरचा नवा निळा आणि खाली जुना हिरवा. हिरवाच तपासावा लागणार बहुतेक. किटचं टेस्टिंग वरच्या थरावर करून चालेल का?

निवृत्त फिटर

नाही. ब्लेडने तिरका छेद घेऊन सगळे थर उघडे करा, खाली लोखंड दिसेपर्यंत, आणि प्रत्येक थरावर करा. छेद घेताना आधी जागा ओली करा, खाली ओलं फडकं ठेवा आणि खरवडलेलं त्यातच गुंडाळून टाका.