कुळे ते कॅसलरॉक: दूधसागराचा घाट रेल्वेतून कसा पाहावा?

फोंड्याचा रहिवासी: चवथ आटोपली की नागपूरहून मावशी आणि काका आमच्याकडे येणार आहेत. मावशीचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना दूधसागर धबधबा बसल्या जागेवरून दाखवावा असा विचार आहे. जन्म गोव्यात जाऊनही मी स्वतः हा घाट रुळांवरून पाहिलेला नाही, हे सांगताना थोडी लाज वाटते. गाडी कोणती घ्यावी आणि खिडकी कोणत्या बाजूची मागावी?

कुळेकर: दुपारी वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस घ्यावी, ती उजेडात घाट चढते. गाडीत मडगावला चढावे आणि घाटापलीकडे कर्नाटकातल्या लोंढ्याला उतरावे. परतीची गाडी रात्री-अपरात्रीची असेल, तर काहीच दिसणार नाही. म्हणून टॅक्सी आधीच लोंढ्याला पाठवून अनमोड घाटाने घरी यावे.

बाजूविषयी फार चिंता करू नये. रेल्वेचा पूल ३१० मीटर उंचीच्या या धबधब्याला मधूनच छेदून जातो, त्यामुळे एका खिडकीतून अंगावर येणारे पाणी दिसते आणि समोरच्या खिडकीतून तेच पाणी दरीत उतरताना दिसते. महत्त्वाचे म्हणजे वातानुकूलित डब्याची काच टाळावी. पावसाळी दमटपणात ती धुरकट होते, तर शयनयान डब्याची खिडकी उघडता येते आणि तुषार चेहऱ्यावर येतात.

मला विचाराल तर खरी गंमत कुळ्यालाच सुरू होते. कुळे ते कॅसलरॉक हा सुमारे २६ किलोमीटरचा टप्पा ३७ मीटरला १ मीटर इतका चढा असल्याने तेथे गाडीला जादा इंजिने जोडतात. पुढे सोनावळी, दूधसागर, करंझोळ अशी रानातली स्थानके आणि मध्ये बोगदे लागतात, आणि गाडी इतकी सावकाश चढते की झाडाच्या फांदीवरचे नेचेही ओळखता येतात. पोर्तुगीज राजवटीत, १८८० च्या दशकात बांधलेल्या या मार्गावर कॅसलरॉक हे ब्रिटिश हद्दीतले स्थानक होते आणि तेथे जकातीची तपासणी होत असे.

सांग्याची वाचक: वरील सल्ला योग्य आहे, पण धुक्याचा उल्लेख राहिला. जुलैत मी गेले तेव्हा पुलावर पाण्याचा आवाज ऐकला, दिसले मात्र केवळ पांढरे. शिवाय ऐन पावसात दरडी कोसळतात. जुलै २०२१ मध्ये याच घाटात दरडीमुळे प्रवासी गाडीचे डबे घसरले होते. भाद्रपदात पाणी भरपूर असते आणि धुके बरेचदा विरळ होते, म्हणून आपण निवडलेला काळ मला उत्तम वाटतो. तरीही निघण्याच्या दिवशी गाडीची स्थिती पाहावी आणि डबा-पाणी सोबत ठेवावे.

कुळेकर: धुक्याचे मान्य. काकांना उत्साह आला तरी गाडी थांबताच रुळांवर उतरू देऊ नये. तेथे चालण्यास बंदी असून रेल्वे सुरक्षा दल कारवाई करते. भगवान महावीर अभयारण्यातून जाणारा हा मार्ग आजही एकेरी आहे. दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीवविषयक मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीसाठी रानात ताटकळावे लागते. मला ते ताटकळणे आवडते. मावशींना आवडेल का, ते आपण ठरवावे.

फोंड्याचा रहिवासी: मावशींना विचारले. थांबलेल्या गाडीत आपण भजनाच्या दोन ओळी म्हणू, असे त्या म्हणाल्या. शयनयानाची तीन तिकिटे काढली आहेत आणि लोंढ्यासाठी टॅक्सीही ठरवली आहे.