दहावीच्या आठवणी लिहा इथे

जाईजुई: काल भाचीच्या हॉलतिकिटाची झेरॉक्स काढायला गेले आणि दुकानातच डोळे भरले. आमच्या घरात या परीक्षेने दोन्ही गोष्टी केल्या. बाबांची चहाची टपरी, ओळख ना पाळख. १९९४ ला ७५० पैकी चांगले मार्क पडले आणि शहरातल्या कॉलेजात यादीत नाव बघून प्रवेश मिळाला. कोणाचे पाय धरावे लागले नाहीत. दोन वर्षांनी धाकटा भाऊ बसला. इंग्रजीच्या दिवशी अंगात ताप. बाकी सगळं सुटलं, इंग्रजीत गेला. ऑक्टोबरलाही गेला. मग गॅरेजला लागला तो लागलाच. हात असा, की बंद पडलेलं इंजिन नुसतं ऐकून सांगतो काय झालंय. त्यामुळे ही परीक्षा असावी की नसावी, मला एका शब्दात सांगता येत नाही. तुमचं लिहा.

चिंचबोरं: ऑक्टोबर-मार्चच्या वाऱ्या!! मामाने तीन वर्षं केल्या. लग्नकार्यात कोणी "काय करतोस" विचारलं की तो मांडवामागे जाऊन बसायचा. आता पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते, वर्ष वाचतं. तेव्हा असती तर.

खिचडीपापड: दही-साखर हातावर आणि रेनॉल्ड्सचं पांढरं पेन, निळ्या टोपणाचं. दोन घेऊन जायचे. कुकर झालाय, नंतर लिहिते.

मांजराकाठ: लातूरला अकरावी-बारावी. एका खोलीत चौघं, पहाटे चारला उठून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायच्या. आमच्या वाडीतून आधी कोणी मेडिकलला गेलं नव्हतं, मी गेलो, ते त्या सवयीमुळेच. पण चौघांतला एक दिवाळीला घरी गेला तो परत आलाच नाही. त्याची वळकटी मार्चपर्यंत कोपऱ्यात तशीच होती. आम्ही त्याबद्दल बोललो नाही. अजून वाईट वाटतं.

चिंचबोरं: 😔 कुठे असतो आता तो?

मांजराकाठ: शेती करतो. बरा आहे. भेटतो आम्ही.

पाऊस_२१: २०२१ ला कोरोनामुळे आमची परीक्षाच झाली नाही. नववीचे ५०, दहावीचं वर्षभराचं मूल्यमापन ३० आणि अंतर्गत २० असं धरलं, राज्याचा निकाल ९९.९५ टक्के. मग अकरावीसाठी सीईटी म्हणाले, अभ्यास केला, ऑगस्टमध्ये हायकोर्टाने ती रद्द केली. आता कुठेही वर्ष सांगितलं की समोरचा हसतो. आईचा ऑक्सिजन बघत मी ऑनलाइन तास केलेत. परीक्षा द्यायला मिळायला हवी होती, खरंच.

खिचडीपापड: बाळा, आई बरी आहे ना?

पाऊस_२१: हो, आता बरी 🙏

खडूफळा: बावीस वर्षं पेपर तपासतेय. ग्रेस धरूनही काठाला लागत नाही असा पेपर आला की पहिल्या पानापासून पुन्हा वाचते. कधी खाडाखोडीत एखादं बरोबर वाक्य सापडतं, कधी नाही सापडत. नाही सापडलं की त्या दिवशी जेवण जात नाही. २०१० ला बेस्ट फाइव्ह आलं, म्हणजे सर्वांत चांगल्या पाच विषयांचेच मार्क धरायचे, तेव्हा एका विषयात गडबडलेल्या मुलांचा टक्का सावरला, ते चांगलंच झालं. परीक्षा नकोच असं मी म्हणणार नाही. वर्गात माझा कोणी आवडता असेल, कोणी नावडता असेल. बोर्डाच्या पेपरावर नाव नसतं, बारकोड असतो. गरिबाच्या मुलाला तेवढं तरी हवं. पण तीन तासांवर सगळं टांगू नका. माझ्या वर्गातला एक जण विहिरीत डोकावून पाणी किती परस सांगतो, आणि घनफळाच्या गणितात भोपळा. त्याच्यासाठी गुणपत्रिकेत रकानाच नाही.

गोदाकाठी: परस! किती वर्षांनी वाचला हा शब्द. आजोबा म्हणायचे.

चिंचबोरं: आमच्याकडे पुरुष म्हणतात, दोन पुरुष पाणी.

गोदाकाठी: नेमकं किती फूट धरतात?

खडूफळा: उभ्या माणसाने हात वर केला की तेवढं.

जाईजुई: खडूफळाताई, भावाला इंग्रजीत २८ होते. तो जेवायला आला होता, तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझाही कोणीतरी दोनदा वाचला असेल का गं?"

खडूफळा: वाचला असणार. त्याला सांगा.

खिचडीपापड: आले परत. जाईजुई, भाचीचं केंद्र बदललंय का बघून ठेव, आणि झेरॉक्स दोन काढ, एक घरी राहू दे.