डी५६०० वरून फुल-फ्रेम: जोतिबा आणि लेहसाठी किट काय घेऊ?

रंकाळाकाठ:
सध्या निकॉन डी५६००. लेन्स (आकडे मिमीत): १८-५५ एएफ-पी, ३५ एफ/१.८ डीएक्स (या दोन्ही छोट्या सेन्सरसाठीच्या) आणि जुनी ५० एफ/१.८डी. झेड५ (निकॉनचीच मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरची मिररलेस बॉडी) घ्यायचा विचार आहे. एफटीझेड अडॅप्टरवर (जुन्या लेन्स झेड बॉडीला जोडणारा) याच लेन्स चालवून सगळे पैसे बॉडीवर घालावेत का? चैत्रात जोतिबाची यात्रा, जूनमध्ये विमानानं लेह. एका बॅगेत मावायला हवं.

शटर_१२५:
नको. डीएक्स लेन्स लावली की झेड५ आपोआप क्रॉपमध्ये जाते, म्हणजे सेन्सरचा मधलाच भाग वापरते, आणि २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात, म्हणजे हातातल्या डी५६०० पेक्षाही कमी. ५० एफ/१.८डी तर एफटीझेडवर ऑटोफोकसच करणार नाही, अडॅप्टरमध्ये मोटर नसते. (डी५६०० मध्येही नाही, त्यामुळे ती आत्ताही हातानंच फिरवत असशील.)

बॉडी सेकंडहँड घे, पैसा लेन्सवर घाल. झेडच्या २४-१२० एफ/४ वर अख्खा प्रवास निभतो. लेन्स ६३० ग्रॅम, झेड५ बॅटरी-कार्डासकट ६७५. २४-२०० अवघी ६० ग्रॅमनं हलकी, पण लांबच्या टोकाला एफ/६.३, म्हणजे प्रकाश कमी आत येतो; देवळाच्या मंडपात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) कुठल्या कुठं जातो आणि फोटो दाणेदार होतो. अंधारासाठी १७० ग्रॅमची ४० एफ/२ पुरे. व्हिडिओ जास्त करत असशील तर मात्र झेड५ घेऊच नको. तिचा फोरके १.७ पट क्रॉप होतो, २४ मिमीची लेन्स ४१ सारखी अरुंद दिसते.

गुलालगार्ड:
भावा, जोतिबावर लेन्स बदलायची नाही. झेड५ मध्ये सेन्सरपुढं आरसा नाही, आणि ती बंद केली तरी शटर उघडंच राहतं. गुलाल थेट सेन्सरवर. लेन्स घरनंच लावून जा. वर ७७ मिमीचा यूव्ही फिल्टर आणि हूड, कारण खोबऱ्याचे तुकडेही येतात. झूमची नळी आत-बाहेर होताना हवा ओढते, म्हणून रेनकव्हर.

आल्यावर आधी ब्लोअर (हातानं दाबायचा रबरी), मग मऊ ब्रश. ओलं कापड सगळ्यात शेवटी. गुलाल झडायच्या आत पाणी लागलं की रंग रबराच्या फटीत जाऊन बसतो. मग एफ/१६ ला (लेन्सचं छिद्र बारीक करून) मोकळ्या आभाळाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघ. दिसला तर माउंट जमिनीकडं करून ब्लोअर मार. तरी राहिला तर २४ मिमीचा स्वॅब (सेन्सर पुसायची काडी). डीएक्सचा १६ चा इथं अरुंद पडतो. दाबाच्या हवेचा डबा आणू नको, त्यातला द्रव सेन्सरवर उडतो.

रंकाळाकाठ:
बॅटऱ्या? जुन्या दोन आहेत.

शटर_१२५:
डी५६०० च्या त्या झेड५ मध्ये बसत नाहीत. ईएन-ईएल१५सी तीन घे. सेकंडहँड बॉडीबरोबर जुनी ईएन-ईएल१५ए गळ्यात मारतील, ती यूएसबीनं कॅमेऱ्यात चार्ज होत नाही. १५सी होते, कॅमेरा बंद ठेवून. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच, टोकांवर टोपण किंवा चिकटपट्टी. लेहच्या थंडीत जादाच्या बॅटऱ्या अंगावरच्या कपड्यांच्या आतल्या खिशात ठेव.

गुलालगार्ड:
आणि जूनमध्ये परत येशील तेव्हा इथं पाऊस सुरू झालेला असेल. किट बॅगेत कोंबून ठेवलंस की लेन्सला बुरशी. झाकण घट्ट बसणारा डबा, सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू दे. जेलचा रंग बदलला की तापवून परत वापर.