मदत हवी आहे: मिड-इंजिन हॅचबॅकच्या मागच्या चाकांचा टो (वरून पाहता चाकं किती आत-बाहेर वळलेली, ते) कसा धरायचा?

भावांनो, जुन्या स्विफ्टचं १.२ पेट्रोल इंजिन गिअरबॉक्ससकट मागच्या सीटच्या जागी बसवायचंय. रेनॉच्या ५ टर्बो, क्लिओ व्ही६ या हॅचबॅकची हीच मांडणी. गाडी फक्त ट्रॅकसाठी. रस्त्यावर आणायची तर गाडीतल्या बदलांवरचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. डिकी जाणार, त्याचं दुःख नाही.

घोडं अडलंय टोवर. पुढचा सबफ्रेम (इंजिन-सस्पेन्शन धरणारी चौकट), नकल (चाकाचा हब धरणारा भाग), लोअर आर्म (नकलला खालून सबफ्रेमशी जोडणारा) तसेच मागं घेऊन, स्टिअरिंग रॅक काढून टाय रॉडची (रॅक ते नकल जोडणारे दांडे) आतली टोकं सबफ्रेमला पक्की करायची. ती रॅकच्या आतल्या बॉल जॉइंटच्या मूळ जागेपासून थोडी जरी वरखाली झाली, तरी सस्पेन्शन दबताना टो बदलतो. टो-आउट (चाकांची पुढची बाजू बाहेर) झाला की वळणात थ्रॉटल सोडताच गाडी गर्रकन फिरणार. एकूण ३ मिमी टो-इन (पुढची बाजू आत) पुरेल का? टो जुळवायला ब्रॅकेटला शिम (पातळ पत्रे) द्यावेत की बोल्टसाठी लांबट खाच? खाच सरकेल असं वाटतं.

ब्रेकचा जुना प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब आवरणारा) ठेवायचा की ॲडजस्टेबल? रेडिएटर पुढंच राहील. कूलंटच्या लांब पाइपात हवा अडकू नये म्हणून ब्लीड स्क्रू (हवा सोडायचे) कुठं कुठं?

वेल्डिंग उद्यमनगरात होईल. मापं सांगणारा पाहिजे.