पफिन बघायला कुठे जावं? (सोबत आई, गुडघेदुखीसकट)

येरळाकाठ:
नमस्कार मंडळी. सांगलीत शाळेत शिकवते, त्यामुळे मोठी सुट्टी दिवाळीत नाहीतर मेमध्ये. आई ६७ वर्षांची. मायणीच्या तलावावर बाबांच्या स्कूटरवर बसून रोहित बघायला जायची, तेव्हापासून पक्ष्यांचं वेड. आता तिला पफिन, तो रंगीत चोचीचा समुद्रपक्षी, बघायचाय. मला गारठा, समुद्रकडे आणि शांतता मिळाली की झालं. आइसलँड, फॅरो बेटं आणि स्वालबार्ड अशी तीन नावं काढलीत. दिवाळीत जावं म्हणते, म्हणजे ध्रुवीय प्रकाशही (नॉर्दर्न लाइट्स) बघून होईल. दहा-बारा दिवस आहेत. आई जिना चढते, पण हळू. दोघींनाही बोट लागते. ग्रुप टूर नको. मागे सात दिवसांत पाच देश केले, आईला फक्त बसची खिडकी आठवते. कुणी जाऊन आलंय का?

घाटमाथा:
दिवाळीत गेलात तर पफिनची रिकामी बिळं दिसतील. हा पक्षी जमिनीवर येतो तो विणीपुरता, साधारण मध्य एप्रिल ते मध्य ऑगस्ट. एरवी मुक्काम भर अटलांटिकवर. डिसेंबरात कासला येऊन "फुलं कुठायत?" विचारणारे आम्हा सातारकरांना दरवर्षी भेटतात, त्यातलाच प्रकार. उलट मेच्या मध्यावर तिकडे रात्र नीट काळोखी होत नाही, म्हणजे प्रकाश बाद. दोन्हीतलं एकच मिळेल. आईंना विचारा.

भडंगप्रेमी:
दिवाळीतच जायचं असेल तर दक्षिणेला जावा की. नोव्हेंबरात तिकडं पेंग्विन असतात.

घाटमाथा:
असतात, पण अर्जेंटिनातल्या उशुआयाहून बोटीने अंटार्क्टिकाला जाताना दोन दिवस ड्रेक सामुद्रधुनी, येताना परत दोन दिवस. वर लिहिलंय ना, बोट लागते म्हणून.

भडंगप्रेमी:
ते राहिलंच वाचायचं. 😀

सागरेश्वरी:
फॅरोबद्दल माझे दोन शब्द. मिकिनेस बेटावर पफिन भरपूर, पण छोट्या बोटीने जावं लागतं, उतरल्यावर लगेच उभ्या पायऱ्या, आणि हवा बिघडली की फेरी रद्द. आमचे दोन दिवस धक्क्यावर कॉफी पिण्यात गेले. शिवाय ही बेटं डेन्मार्कची असली तरी शेंगेनमध्ये (एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाहीत. व्हिसावर फॅरोसाठी वेगळा उल्लेख लागतो. काकूंच्या गुडघ्याला ते बेट नको.

घाटमाथा:
सहमत. स्वालबार्डही सोडा. ७८ अंश उत्तरेला मेमध्येही बर्फ असतो, वस्तीबाहेर ध्रुवीय अस्वलांमुळे हत्यारबंद वाटाड्या लागतो, आणि तेही शेंगेनबाहेर, म्हणजे नॉर्वेत परतायला दुहेरी प्रवेशाचा व्हिसा.

आइसलँडच करा, पण सगळे धावतात त्या दक्षिण किनाऱ्यावर दिवस जाळू नका. पूर्वेला बोर्गारफ्योर्दुर एस्त्री नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथल्या बंदरालगत हाफ्नारहोल्मी ही टेकडी. लाकडी जिना, बघायला बांधलेले मजले, आणि पफिन हाताच्या अंतरावर म्हणावेत इतके जवळ. बोट नाही, त्या जिन्यापलीकडे चढण नाही. राजधानी रेक्याविकहून एगिल्सस्तादिरला देशांतर्गत विमानाने तासाभरात पोचता, पुढे ७० किलोमीटर गाडीने. दोन रात्री तरी राहा. मेमध्ये दुपारी पक्षी समुद्रावर असतात, दिवस कलला की बिळाकडे येतात. आम्ही दुपारी तीनला गेलो, तर काही नाही. बायको चिडली. रात्री साडेआठला परत गेलो तेव्हा गवतावर माणसांपेक्षा पफिनांची गर्दी होती. चोचीचा रंग फोटोत दिसतो त्याहून भडक असतो, आणि उतरताना तो इतका धडपडतो की हसू आवरत नाही.

आता थंडीबद्दल. खरा त्रास वाऱ्याचा. जुलैत चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्कीखाली उभ्या राहिल्या असाल, तर त्यात बर्फाळ पाऊस मिसळा. गाडीचं दार वाऱ्यात सोडलं की उलटं मुरगळतं, आणि ते नुकसान बहुतेकदा गाडीच्या विम्यात बसत नाही. दोन्ही हातांनी दार धरायचं, हे मी बिल भरल्यावर शिकलो. स्वेटर एक कमी न्या, पण वारा-पाऊस अडवणारं जाकीट आणि वरून घालायची पँट चांगली घ्या. छत्री घरीच.

दक्षिणेला गेलातच तर रेनिस्फ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करू नका. मधूनच एखादी लाट फार आत घुसते. माणसांचे जीव गेलेत तिथे.

येरळाकाठ:
आईला सगळं वाचून दाखवलं. "प्रकाश मी यूट्यूबवर बघीन, पक्षी समोर पाहिजे," म्हणाली. म्हणजे मे. १ तारखेला निकाल लागला की मी मोकळी. आइसलँडच्या दक्षिणेकडच्या वेस्टमन बेटांवर सगळ्यात जास्त पफिन असतात ना? ते सोडून द्यायचं का? आणि खाण्याचं काय? आई शाकाहारी. कंदी पेढे, तूप नेलं तर चालेल?

सागरेश्वरी:
पेढे नकोत! युरोपच्या नियमांनुसार बाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. तूपही त्यातच. भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी न्या. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. बाहेरचं जेवण फार महाग पडतं.

घाटमाथा:
वेस्टमनची बोट लांदेयाहोफ्न बंदराहून चाळीसेक मिनिटांची. समुद्र शांत असेल त्या दिवशीच ठरवा, आधी पैसे अडकवू नका. गाव बघण्यासारखं आहे. १९७३ च्या जानेवारीत मध्यरात्री ज्वालामुखी फुटला, पाचेक हजार लोक मासेमारीच्या बोटींतून बाहेर काढले, आणि लाव्हा बंदर बुजवायला निघाला तेव्हा त्यावर समुद्राचं पाणी मारून तो थोपवला. ऑगस्टअखेरीस दिव्यांना भुलून गावात उतरलेली पफिनची पिल्लं तिथली पोरं खोक्यात गोळा करतात आणि सकाळी समुद्रावर सोडतात. ते तुम्हाला मेमध्ये दिसणार नाही.

व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात अर्जासाठी अपॉइंटमेंट मिळणं कठीण होतं, तेव्हा लवकर करा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा. शाळेचं ना-हरकत पत्र आत्ताच मागून ठेवा; ते व्हिसाहून उशिरा मिळतं, हा स्वानुभव. गाडी चालवणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा.

येरळाकाठ:
पत्राचं अगदी खरं! शेवटचं, दुर्बीण कुठली?

सागरेश्वरी:
८ बाय ४२, म्हणजे आठपटीची, ४२ मिमी भिंगाची. दहापटीची वाऱ्यात फार हलते.

येरळाकाठ:
घेतली. आई गच्चीवरून समोरच्या नारळावरच्या घारीवर सराव करतेय. शेजारच्या काकू विचारून गेल्या, "कुणावर पाळत ठेवलीय?"